पाच फेऱ्या, एक चिलापी: मे महिन्यात धरणातला मासा गळाला का लागत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा जे आत्ता लोकलमध्ये, बसमध्ये हेडफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलता बोलता जे 'अं', 'म्हणजे' आलं होतं ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, करिअर नाही. आज मासेमारी. त्यातही न मिळालेले मासे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी नाशिकचा, नोकरी सॉफ्टवेअरची. माझा आतेभाऊ, आमचा दादा, टेक्सासमध्ये असतो. चार वर्षांनी बारा दिवसांच्या सुट्टीवर आला, बरोबर आठ वर्षांची मुलगी. आत्याची इच्छा एकच होती की नातीबरोबर निवांत वेळ मिळावा. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे घोटीजवळ, दारणा धरणाच्या बॅकवॉटरला एका शेतघरात चार दिवस राहायला गेलो. आत्या, आई-बाबा, मी, दादा आणि पुतणी.

दादाच्या बॅगेत मात्र दोन फोल्डिंग रॉड, रील आणि प्लास्टिकच्या चमकत्या माशांचा एक डबा होता. तिकडे तो दर शनिवारी बास पकडायला जातो. इथेही पकडणार होता. स्थानिक मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारलं, परवानगी घेतली आणि सुरू झालो.

आधी स्कोअर बघा

सवयीप्रमाणे मी फोनमध्ये लॉग ठेवला होता.

फेरी १: शनिवार, सकाळी ९ ते १२. फिरणारं चकचकीत आमिष. शून्य.
फेरी २: शनिवार, दुपारी ४ ते ६. पाण्याखाली डुबणारा प्लास्टिकचा मासा. शून्य. तो प्लास्टिकचा मासाही बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकून गेला.
फेरी ३: रविवार, सकाळी ६ ते ८. गवताच्या कडेला रबरी बेडूक. एक जोरदार झटका, मग तंगूस सैल. शून्य.
फेरी ४: रविवार, सकाळी १० ते दुपारी १. शून्य, आणि नाकाचं कातडं सोललं.

रविवारी दुपारी आत्या जेवायला वाढताना म्हणाली, "अरे, चार वर्षांनी आलायस. दोन दिवस पाण्याकडे बघत बसलायस. आमच्याकडे कधी बघणार?" दादा गप्प. पुतणी आतल्या खोलीत टॅबवर कार्टून बघत होती. आजी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, अशी गत. म्हणजे मासे मिळत नव्हते हा एक प्रश्न आणि ज्यासाठी आलो ते घडत नव्हतं हा दुसरा. पहिला सुटला असता तर दुसऱ्याला वाव मिळाला असता.

तर चला, पहिला प्रश्न डीबग करू.

कारण एक: इथे बास नाहीच

ही सगळ्यात मोठी गोष्ट. यूट्यूबवर मासेमारीचे जे व्हिडिओ आपण बघतो, त्यातले कितीतरी लार्जमाउथ बासचे असतात. हा उत्तर अमेरिकेचा मासा. तिकडे त्याच्यासाठी वेगळ्या बोटी, वेगळी दुकानं आणि मोठाल्या बक्षिसांच्या स्पर्धा आहेत. बासमास्टर क्लासिक नावाची स्पर्धा १९७१ पासून चालू आहे. १९२५ मध्ये तो जपानमध्ये नेऊन सोडला गेला आणि तिथे इतका पसरला की स्थानिक माशांवर गदा आली. शेवटी जपानने २००५ पासून कायद्याने तो जिवंत नेण्या-आणण्यावर बंदी घातली. आणि गंमत बघा, १९३२ मध्ये जॉर्जियात धरलेल्या दहा किलोंच्या बासच्या विक्रमाची बरोबरी २००९ मध्ये झाली ती जपानच्याच बिवा सरोवरात.

आपल्याकडे 'बास' म्हटलं की दोन घोटाळे होतात. हॉटेलात मिळतो तो 'बासा', तो पंगस जातीचा, त्याचा बासशी संबंध नाही. आणि 'एशियन सी बास' म्हणजे आपल्या रायगडचा जिताडा. तो खाडीचा मासा, चवीला राजा, पण नातं फक्त इंग्रजी नावापुरतं. जिताड्याची एक भारी गोष्ट सांगतो: तो साधारणपणे आधी नर असतो आणि वय वाढल्यावर मादी होतो.

आता मुद्दा असा की बास हा शिकारी आहे. काहीतरी चमकत, थरथरत समोरून गेलं की तो झडप घालतो. दादाचा अख्खा डबा त्या झडपेसाठी बनवलेला. नाशिककडच्या धरणांमध्ये जास्त करून काय असतं? कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी. यातले पहिले तिघे मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे. त्यांना साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालता येत नाहीत, वाहतं पुराचं पाणी लागतं. १९५७ साली १० जुलैला डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातींची पैदास करून दाखवली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज तयार करून धरणांत सोडणं शक्य झालं. म्हणून १० जुलैला देशात मत्स्य शेतकरी दिवस असतो. चिलापी तर मूळची आफ्रिकेची, ती १९५२ मध्ये भारतात आली.

हे मासे प्लास्टिकच्या माशामागे धावत नाहीत. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू शेवाळ, कुजलेली पानं असलं खातो. मृगळ तळाचा गाळ चिवडतो. यांच्यासमोर चकचकीत आमिष फिरवणं म्हणजे गायीला तंदुरी दाखवण्यासारखं.

कारण दोन: मजला चुकला

मत्स्यशेतीवाले एकाच तळ्यात कटला, रोहू, मृगळ एकत्र का सोडतात? कारण तिघांचे मजले वेगळे. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. माशाचं तोंड बघितलं की त्याचा पत्ता कळतो. गळ टाकताना बूच किती अंतरावर बांधायचं हे यावरच ठरतं. दोन फुटांवर गळ लटकवून मृगळाची वाट बघितली तर दिवस जातो.

कारण तीन: मे महिन्याचं पाणी

हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं आणि त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. पण पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साधारण साडेसात. म्हणजे मागणी वाढली आणि पुरवठा घटला. अशा वेळी मासा उगाच पळापळ करत नाही.

शिवाय गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. थंड पाणी खाली राहतं. वारा नसला तर हे थर मिसळत नाहीत. काठाजवळचं उथळ पाणी दुपारी चटका लागेल इतकं तापतं, मग मासा खोल सरकतो. अगदी तळाशीही जात नाही, कारण तिथे ऑक्सिजन संपत आलेला असतो. तो मधल्या आरामाच्या पट्ट्यात थांबतो. आणि आपण काठावरून दहा-पंधरा फुटांवर गळ टाकत बसतो!

पहाटेबद्दल एक बारकावा. पहाटे पाणी सगळ्यात गार असतं हे खरं. पण हिरव्यागार, शेवाळलेल्या छोट्या तळ्यात रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, म्हणून तिथे सूर्य उगवायच्या आधी तो सर्वात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजायचं, त्यांना भूक नाहीये, दम लागलाय. मोठ्या, वारा लागणाऱ्या धरणात हा त्रास कमी, तिथे पहाट चांगली.

कारण चार: आवर्तन

हे यूट्यूबवर कोणी सांगणार नाही. उन्हाळ्यात धरणातून शेतीसाठी, पिण्यासाठी पाणी सोडतात, ते आवर्तन. पाणी दिवसेंदिवस मागे सरकतं. जिथे काल काठ होता तिथे आज भेगाळलेली माती. काठचं गवत, किडे, लपायच्या जागा सगळं कोरडं पडतं आणि मासे जुन्या नदीपात्राच्या डोहाकडे सरकतात.

इथे एक गंभीर गोष्ट. ती माती वरून वाळलेली दिसते, पण आत गाळ मऊ असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि पुढे पात्र एकदम खोल होतं. दर उन्हाळ्यात धरणांवर बुडून मेलेल्या पोरांच्या बातम्या येतात, बहुतेक आपल्याच वयाचे. अडकलेलं आमिष सोडवायला पाण्यात उतरायचं नाही. तंगूस कापायचा, विषय संपला. लहान मूल बरोबर असेल तर लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी.

कारण पाच: मासा तुम्हाला बघतोय

प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या कोनात. काठावर उभा माणूस त्या खिडकीच्या कडेला दिसतो, बसलेला माणूस जवळजवळ दिसतच नाही. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली थरथर कळते. म्हणून ब्लूटूथ स्पीकर बंद, पाय आपटणं बंद, आणि खाली बसा.

मग तो झटका कोणाचा होता?

तिसऱ्या फेरीत रबरी बेडकाला जो झटका बसला, तो बहुतेक मरळचा. मरळ हा आपल्याकडचा खरा शिकारी, बासच्या सवयींच्या सगळ्यात जवळचा. त्याला हवेतून श्वास घेता येतो, त्यासाठी तो वर येतो, म्हणून उथळ, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही टिकतो. दादाच्या डब्यातलं एवढं एकच आमिष इथे कामाचं होतं. फक्त एक लक्षात ठेवा: पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर त्याखाली आई-बाप राखण करत असतात. तिथे गळ टाकू नका. मोठा मासा उचलला की पिल्लं इतरांच्या पोटात जातात.

पाचवी फेरी

रविवारी संध्याकाळी संस्थेचे एक काका जाळं आवरत होते. आमचा डबा बघून हसले. "भाऊ, पाणी तापलंय. मासा डोहात बसलाय. आणि हे प्लास्टिक कशाला? कणीक लावा की." मी फोनमधला लॉग दाखवला, त्यांनी बोटाने जुन्या पात्राची दिशा दाखवली.

रात्री आत्याने कणीक मळली. पाण्यात लगेच सुटू नये म्हणून घट्ट, त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड. पुतणी शेजारी बसून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळत होती. "गोळी", "घट्ट", "चिकट" हे तीन शब्द तिने त्या अर्ध्या तासात उचलले. दादा बघत होता, काही बोलला नाही.

सोमवारी पावणेसहाला सगळे निघालो, आत्यासुद्धा, सतरंजी आणि थर्मास घेऊन. काकांनी दाखवलेल्या उंच खडकावरून गळ खोल सोडला. आठपर्यंत बसायचं, नंतर रॉड बॅगेत, असं आत्याने आधीच कबूल करून घेतलं होतं. दोन तासांत मिळाली एक चिलापी, तळहाताएवढी, पुतणीच्या गळाला. तिने ती ओल्या हातांनी सोडून दिली. हात ओले का? कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागू शकतो.

मोठा मासा नाहीच मिळाला. पण त्या दोन तासांत आत्या आणि दादा जितकं बोलले, तितकं आधीच्या दोन दिवसांत बोलले नव्हते. त्या रात्री रॉड बाहेर आले नाहीत, आम्ही भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो. कोणी जाणार असाल तर गाडीचे दिवे आणि फ्लॅश बंद ठेवा. त्या उजेडावरच नर-मादी एकमेकांना शोधतात.

तुम्ही जाणार असाल तर

१. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो. आधी विचारा. अभयारण्यात गळ टाकायचा नाही. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, तिथे दुर्बीण न्या, गळ नको.
२. आधी मासा कोणता ते ठरवा, मग आमिष, मग खोली.
३. मे महिन्यात पहाट किंवा सूर्यास्त, खोल पाणी, सावली. १० ते ४ घरच्यांसाठी.
४. तुटलेला तंगूस गोळा करून आणा. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.
५. वेळ आधी ठरवा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला घड्याळ सांभाळायला द्या. ते काम ते चोख करतात, अनुभवाने सांगतोय.

तुमच्या गावच्या धरणात, तळ्यात कोणता मासा लागतो आणि त्याला तिकडे काय म्हणतात, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, पाण्यापासून दोन पावलं मागे राहा. भेटू!