विश्लेषण : घरी बनवलेला ॲम्प्लिफायर नागपूरच्या मे महिन्यात का जळतो?

डिसेंबरात हौसेने जोडलेला, चार महिने झकास वाजलेला आणि मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी ‘फट्’ करून कायमचा गप्प झालेला ॲम्प्लिफायर. घरी ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. दोष बहुतेक वेळा दुकानदाराला किंवा ‘डुप्लिकेट’ ट्रान्झिस्टरला दिला जातो. तो कधी खराही असतो. पण अनेकदा चूक हिशेबात असते. सर्किटच्या पुस्तकात हवेचे तापमान २५ अंश धरलेले असते आणि नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत. या फरकाचे नेमके काय होते, हे सोल्डरिंग गन तापवण्याआधी समजून घेतलेले बरे.

घरी काय बनवले जाते?

सीताबर्डीच्या गल्ल्यांत सुटे भाग शोधत फिरणाऱ्याला साधारण तीन पर्याय दिसतात. पहिला ‘४४४०’चा बोर्ड. एलए४४४० ही मूळची कार स्टिरिओची आयसी. १२ व्होल्टवर चालते आणि ब्रिज जोडणीत जेमतेम १९ वॅट देते. शिकायला उत्तम. दुसरा एलएम३८८६ किंवा टीडीए७२९४ यांसारखी एकच मोठी आयसी. तिसरा सुट्या ट्रान्झिस्टरांचा बोर्ड, ज्यात २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी असते. मूळ तोशिबाचा ५२०० हा २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॅटचा ट्रान्झिस्टर. त्याच्या नकला सगळीकडे आहेत. भाव फारच कमी सांगितला जात असेल, तर आत सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा नव्हे, तांदळाच्या कणीएवढा असण्याची शक्यता धरावी.

पहिल्यांदा बनवणाऱ्याने एलएम३८८६ घ्यावी. भाग मोजके लागतात आणि शॉर्ट किंवा जास्त तापणे यापासून बचावाची सोय आयसीतच आहे.

खरे वॅट किती?

पेटीवर लिहिलेले ‘पीएमपीओ’ विसरून जा. त्या आकड्यामागे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. खरी ताकद ट्रान्सफॉर्मर ठरवतो. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर २४ गुणिले १.४१४, म्हणजे डायोडचा व्होल्ट वजा जाता दोन्ही बाजूंना सुमारे ३३ व्होल्ट डीसी मिळतात. आयसी स्वतःसाठी त्यातले काही व्होल्ट राखून ठेवते. उरलेल्या २९ व्होल्टचा वर्ग भागिले १६, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर जवळपास ५२ वॅट. घराच्या हॉलला हे भरपूर आहेत.

स्पीकर ४ ओहमचे असतील तर मात्र याच आयसीला २४-०-२४ देणे जड जाते. तिथे २०-०-२० पुरतो. त्यातून २८ व्होल्ट मिळतात आणि डेटाशीटनुसार एवढ्यावर ही आयसी ४ ओहमला ६८ वॅट देते.

एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट. फिल्टरचे कंडेन्सर ३५ व्होल्टचे घेऊ नयेत. घरातली लाइन २५० व्होल्टपर्यंत चढली आणि ॲम्प्लिफायरवर काही वाजत नसेल, तर तेच ३३ व्होल्ट सहज ३७-३८ होतात. कंडेन्सर ५० व्होल्टचाच हवा.

उष्णतेचा हिशेब काय?

घोडे इथेच पेंड खाते. अनेकांना वाटते की आवाज पूर्ण वाढवला की ॲम्प्लिफायर सर्वांत जास्त तापतो. क्लास एबी ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीच्या सुमारे ४० टक्क्यांवर सर्वाधिक तापतो, कारण त्या टप्प्यावर स्पीकरला जेवढी वीज जाते तेवढीच आयसीत जळते. ३३ व्होल्ट आणि ८ ओहम धरले तर ही उष्णता एका चॅनेलला सुमारे २८ वॅट येते. स्टिरिओ म्हणजे ५६. जुन्या ६० वॅटच्या बल्बला हात लावून पाहिला असेल, तर अंदाज येईल.

ही उष्णता आयसीच्या आतल्या सिलिकॉनपासून हवेपर्यंत पोचायला हवी. सिलिकॉनची कमाल मर्यादा १५० अंश. हवा २५ अंशांची असेल तर १२५ अंशांची उतरंड मिळते. तिला २८ ने भागले की साधारण ४.५ अंश प्रति वॅट. त्यातून आयसीचे आवरण, अभ्रकाची चकती आणि पेस्ट यांचे मिळून १.२ वजा केले, तर हीटसिंक ३.३ अंश प्रति वॅटचा चालतो. हा आकडा जितका लहान, तितका हीटसिंक मोठा.

आता नागपूरचा मे घ्या. बाहेर ४५ आणि टीव्हीच्या कपाटातल्या बंद खणात ५०. उतरंड उरली १०० अंशांची. तोच हिशेब केला की हीटसिंक २.४ चा लागतो, म्हणजे पुस्तकातल्यापेक्षा चाळीसेक टक्के जास्त क्षमतेचा. आणि ही काठावरची गोष्ट झाली. १५० अंशांवर रोज चालवायला कोणी आयसी घेत नाही. गाण्याची सरासरी ताकद बरीच कमी असते, म्हणून अपुऱ्या हीटसिंकवरही महिने निघून जातात. मग लग्नाचा हंगाम येतो, बासवाली गाणी तासन्‌तास लागतात आणि सवलत संपते.

हीटसिंकचे पंख उभे ठेवावेत, म्हणजे गरम हवा आपोआप वर जाते. एलएम३८८६ च्या साध्या ‘टी’ आवृत्तीचा धातूचा पाठीचा भाग ऋण सप्लायला जोडलेला असतो. अभ्रकाची चकती विसरली आणि हीटसिंक डब्याला टेकला, की थेट शॉर्ट.

सुट्या ट्रान्झिस्टरांत धोका जास्त का?

ट्रान्झिस्टर तापला की तेवढाच प्रवाह वाहायला त्याला दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट कमी लागतात. बायस आहे तसाच राहिला तर प्रवाह वाढतो. त्याने ट्रान्झिस्टर आणखी तापतो आणि प्रवाह आणखी वाढतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. जानेवारीत १२ अंशांवर सेट केलेला बायस मे महिन्यात ४५ अंशांना भेटतो तेव्हा फरक ६६ मिलिव्होल्टचा असतो. आणि ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १०० मिलिअँपिअरसाठी आपण मोजतो फक्त २२ मिलिव्होल्ट!

उपाय जुनाच आहे. बायसचा छोटा ट्रान्झिस्टर बोर्डावर लटकता न ठेवता मुख्य हीटसिंकवर, पॉवर ट्रान्झिस्टरला खेटून बसवायचा. तो सोबत तापतो आणि बायस खाली ओढतो. स्वस्त बोर्डांत नेमका हाच ट्रान्झिस्टर हीटसिंकपासून दूर सोल्डर केलेला आढळतो. असा बोर्ड घेतलाच तर तीन वायरी लावून त्याला हीटसिंकवर न्यावे आणि बायस अर्धा तास वाजवल्यानंतर पुन्हा मोजावा.

पहिल्यांदा चालू कसा करावा?

थेट प्लगमध्ये नाही. आयटीआयचा कोणताही वायरमन ओळखतो तो ‘सिरीज बोर्ड’ वापरावा. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लाइनमध्ये सिरीजला येतो; एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्विच दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेजस्वी राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण आयसी वाचली.

यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजायचे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच पुढे जावे. बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमधून ३३ व्होल्ट डीसी थेट स्पीकरला गेले, तर व्हॉइस कॉइल काही सेकंदांत जळते. महागडे स्पीकर असतील तर रिलेवाला प्रोटेक्शन बोर्ड जरूर लावावा.

जिवाशी खेळ असलेली जागा मात्र स्पीकरच्या बाजूला नाही, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला आहे. तिथे २३० व्होल्ट आहेत. धातूचा डबा, तीन पिनांचा प्लग, डब्याला घट्ट बसवलेली अर्थिंग आणि फ्यूज यात काटकसर नको. हूं असा आवाज येतो म्हणून अर्थिंगची वायर कापून टाकणारे अनेक आहेत. तो आवाज बहुधा सिग्नल आणि सप्लायच्या ग्राउंड वायरी चुकीच्या जोडल्यामुळे येतो. सगळे ग्राउंड एका बिंदूवर आणले की बहुतेक वेळा जातो.

कुलरचा काय संबंध?

दोन प्रकारे. कुलरची मोटर चालू-बंद होताना स्पीकरमधून ‘टक्’ ऐकू येते, ते मोटरच्या स्विचवर उडणाऱ्या ठिणगीमुळे. दोघांचे प्लग वेगळ्या बोर्डावर ठेवून पाहावे. दुसरे म्हणजे ॲम्प्लिफायर थंड राहावा म्हणून काही जण तो कुलरच्या झोतासमोर मांडतात. हवा थंड असते खरी, पण ओली आणि धुळीची. जून येईपर्यंत सोल्डरचे सांधे आणि कनेक्टर हिरवट पडू लागतात. त्यापेक्षा डब्याला मागून १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावावा आणि त्याला ७-८ व्होल्टच द्यावेत, म्हणजे त्याची घरघर गाण्यात येत नाही.