सर्दी एकच, विषाणू मात्र दीडशेहून अधिक

“डॉक्टर, मागच्याच महिन्यात सर्दी झाली होती, आता पुन्हा! याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?” सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न रोज ऐकू येतो. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते. बाळाला पुन्हा झालेली सर्दी आधीचीच नसते. सर्दीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ऱ्हायनोव्हायरस, आणि त्याचे १६० हून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यापुढे फारशी चालत नाहीत.

या विषाणूचा सारा जनुकीय मजकूर सुमारे ७,२०० अक्षरांच्या आरएनए साखळीत मावतो. तिची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. बहुतेक चुका त्यालाच भोवतात. एखादी मात्र त्याचे कवच बदलते आणि आपल्या प्रतिपिंडांना तो ओळखू येत नाही. इतक्या प्रकारांना पुरणारी लस अजून नाही, ती यामुळेच.

त्याचे ए आणि बी हे गट जुन्या ओळखीचे. सी गट २००६ मध्ये जनुकीय तपासणीतूनच हाती लागला, कारण प्रयोगशाळेतील नेहमीच्या पेशींत तो वाढतच नव्हता. छातीत घरघर होऊन दाखल झालेल्या लहान मुलांमध्ये नेमका हाच वारंवार सापडतो. ए गटही त्रास देतो. बी त्या मानाने सौम्य. सी गट श्वासनलिकेच्या पेशींवरील सीडीएचआर३ या प्रथिनाला चिकटतो, हे २०१५ मध्ये समजले. काही मुलांत या प्रथिनाचे जनुक थोडे वेगळे असते आणि त्यांना धोका अधिक. म्हणून एका घरात थोरल्याचे नुसते नाक वाहते, तर धाकट्याला ऑक्सिजन लावावा लागतो, असेही घडू शकते.

महागड्या तपासणीत ‘ऱ्हायनोव्हायरस आढळला’ असे आले, तरी तेवढ्याने घाबरू नये. ठणठणीत मुलांच्या नाकातही तो सापडतो. अँटिबायोटिकचा त्याच्यावर काडीचाही उपयोग नाही, आणि तरीही ते मागितले जाते (आणि दिलेही जाते!).

कागदापेक्षा मुलाचा श्वास पाहा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास असतील, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ पीत नसेल, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा.