पाहुण्याच्या मनातले गुण

रत्नागिरीचे एक स्नेही गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन वेरूळ-अजिंठा पाहायला आले होते. परतताना माझ्याकडे उतरले, तेव्हा मी विचारलं, ‘‘कसा झाला प्रवास?’’ कैलास लेण्याविषयी ते भरभरून बोलले. आई मात्र गप्प होत्या. थोड्या वेळानं माझ्या पत्नीला म्हणाल्या, ‘‘पोरी, आधी तांब्याभर पाणी दे. सकाळपासून घोटभरच प्यायले. वाटेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप असलं तर काय करायचं?’’

श्रोतेहो, एखादं पर्यटनस्थळ दुसऱ्याच्या तुलनेत किती सरस, हे प्रवाशाच्या नजरेतून मोजायचं तर या दोन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. लेण्याला १० गुण आणि वाटेतल्या सोयीला २ दिले, तर सरासरी येते ६. हा सहाचा आकडा ना कैलासविषयी काही सांगतो, ना तहानेविषयी.

म्हणून अभ्यासक प्रत्येक बाबीबद्दल दोन प्रश्न विचारतात : ही गोष्ट तुम्हाला किती महत्त्वाची वाटते? आणि ती इथं कशी मिळाली? जॉन मार्टिला आणि जॉन जेम्स यांनी १९७७ साली ही रीत मांडली, तीही मोटारविक्रेत्याच्या सेवेचं उदाहरण घेऊन. पुढं पर्यटनाच्या अभ्यासकांनी ती उचलली. कागदावर एक उभी, एक आडवी रेघ मारली की चार खण होतात. महत्त्व मोठं पण अनुभव वाईट, या खणात जे पडेल त्याची दुरुस्ती सर्वांत आधी. महत्त्व थोडं आणि बडेजाव फार, तिथला खर्च इकडे वळवावा. स्पर्धा मोजायची तर तिसराही प्रश्न हवा : हेच तुम्हाला हंपीला किंवा आग्र्याला कसं मिळालं?

देशांच्या पातळीवरही मोजणी होते. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमनं २००७ साली पर्यटनाची क्रमवारी सुरू केली. २०२४ साली तिच्यात ११९ देशांत भारत ३९ वा होता. पण ती उभी राहते आकडेवारीवर आणि उद्योगांतल्या अधिकाऱ्यांच्या मतांवर. वाटसरूला तिथं कुणी विचारत नाही.

आणि लेण्यांबाहेर पडणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, तरी ती आलेल्यांचीच. परवा त्या स्नेह्यांचा फोन आला. या वर्षी हंपीला निघालेत. ‘‘आणि आई?’’ मी विचारलं. ‘‘ती नको म्हणते. घरीच बरी, म्हणते.’’

त्यांचं मत घ्यायचं, तर प्रश्नावली रत्नागिरीला, त्यांच्या ओटीवर न्यावी लागेल.