शिवेवरील जागल्या

जुन्या खानदेशांत गांवाला जागल्या असे. गांव निजलें असतां शिवेवर कोण आलें, कोण गेलें, हें पाहणें त्याचें काम. आज शिवारांत पुष्कळ ठिकाणीं यंत्रेंच राखण करितात; परंतु त्या यंत्रांची राखण कोण करितो, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

रावेर, यावल, चोपडा या बाजूस केळीच्या बागांना ठिबकानें पाणी देतात. कांहीं बागांत मातीची ओल मोजणारें उपकरण व झडपा उघडणारी पेटी असते. पाणी केव्हां सोडावयाचें तें ही पेटी जागच्या जागींच ठरविते आणि मालकाच्या मोबाईलवर केवळ निरोप धाडिते. म्हणून रेंज गेली तरी पाणी अडत नाहीं. सोय मोठी खरी. पण दूरच्या कचेरींतील संगणकाला कुलूपबंद खोली व पहारेकरी असतात, ही पेटी मात्र बांधावर एकटी, आणि इंटरनेटच्या बाजूनें तिचें दार साऱ्या जगाकडे!

कारखान्यांतून निघतांना अशा कित्येक यंत्रांना एकच पासवर्ड दिलेला असतो. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातक प्रोग्रॅमनें असे साठांवर ठराविक पासवर्ड घेऊन जगभर दारें ठोठावलीं. लक्षावधि कॅमेरे व राउटर त्याच्या कह्यांत गेले. २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या माऱ्यानें अमेरिकेंतील ‘डिन’ ही कंपनी हतबल होऊन ट्विटरसारखीं स्थळें कांहीं तास बंद पडलीं. आमच्या घरच्या कॅमेऱ्याचा पासवर्डहि हा लेख लिहावयास घेईपर्यंत कारखान्याचाच होता, हें कबूल करणें भाग आहे.

वैशाखांत झडप मिटून राहिली तर केळ करपते, पण तें निदान डोळ्यांस दिसतें. आम्हांस अधिक भय वाटतें तें खोट्या मापाचें. कोरड्या मातीस ओली म्हणणाऱ्या पेटीवर विसंबून शेतकरी निर्धास्त झोपतो.

यास्तव पासवर्ड प्रथम बदलावा. ब्रिटनमध्यें तर सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड घालून अशीं घरगुती यंत्रें विकण्यास २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानें बंदी आहे. घरचे मोबाईल ज्या वाय-फायवर चालतात, त्याहून पेटीस निराळी वाट द्यावी. नवा प्रोग्रॅम कारखानदाराची डिजिटल मोहर पारखूनच स्वीकारील, अशीच पेटी घ्यावी. धुळें-जळगांवकडील छपरांवर जे सौर संच दिसतात, त्यांचे इन्व्हर्टरहि पुष्कळदां इंटरनेटला जोडलेले असतात. त्यांसहि हेंच लागू. आणि झडप हातानें फिरविण्याची सोय राखून, आठवड्यांतून एकदां तरी बुंध्याजवळची माती मुठींत दाबून पेटीच्या आंकड्याशीं ताडून पाहावी.