ट्रेकची उशी: वजन कापडात नसतं

ट्रेकवर मुक्कामाला थांबलेल्या मंडळींकडे रात्री एक नजर टाका. कुणाच्या डोक्याखाली सॅक, कुणाच्या बूट, तर कुणी प्लास्टिकच्या पिशवीत टीशर्ट कोंबून रात्रभर तिची चुरचुर ऐकत पडलेलं. यांतला एखादा पुढच्या ट्रेकआधी स्वतः उशी शिवायचं मनावर घेतो. आणि मग गैरसमजांची रांग लागते.

सगळ्यांत महागात पडणारा समज असा, की कापड जितकं हलकं तितकी उशी हलकी. त्यापायी लोक परदेशी रिपस्टॉप नायलॉन मागवतात. जरा हिशेब करू. तयार उशी 30 बाय 40 सेंटीमीटरची हवी असेल, तर चारी बाजूंनी दीड सेंटीमीटर माया धरून 33 बाय 43 चे दोन तुकडे लागतात, म्हणजे साधारण 0.28 चौरस मीटर. चौरस मीटरला 40 ग्रॅम भरणारं पातळ नायलॉन घेतलं तर खोळ होते 11 ग्रॅमची. 110 ग्रॅमचं साधं सुती पॉपलिन घेतलं तर 31 ग्रॅमची. फरक वीस ग्रॅमचा, मूठभर शेंगदाण्यांइतका. त्याच खोळीत तुम्ही शंभरेक ग्रॅम भरण घालणार असता. वजन वाचवायचं तर ते तिथं वाचवायला हवं.

डेनिअरच्या आकड्यावरून कापडाचं वजन कळतं, हाही असाच एक भ्रम. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. तो आकडा धाग्याची जाडी सांगतो. वीण किती घट्ट आहे आणि वर लेप किती चढवलाय, हे तो सांगत नाही. दुकानदाराला सरळ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते विचारा.

आता भरण. ‘घरच्या उशीतला कापूस काढून घालू, तेवढाच फुकट’ हा सल्ला हमखास मिळतो. कापूस हवेतली ओल धरतो. नेहमीच्या दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के पाणी शोषून बसतो. पॉलिएस्टरच्या तंतूत हेच प्रमाण अर्धा टक्काही नसतं. दव पडलेल्या पहाटे कापसाची उशी गारढोण आणि जड लागते, ती यामुळे. मात्र म्हणून सगळ्याच कापसांना एका माळेत ओवू नका. सावरीच्या जातीच्या कपोकचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो, त्यामुळे तो पाण्याला दाद देत नाही. पूर्वी लाइफजॅकेटांत तोच भरत. त्याचं दुखणं वेगळं: भरताना घरभर उडतो, वापरून गोळे होतात आणि ठिणगी लागली की भसकन पेटतो. चुलीजवळ झोपणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. सरसकट सांगायचं तर रेक्रॉन म्हणून मिळणारा पॉलिएस्टर तंतू बरा.

माझं मत विचाराल, तर भरण नेऊच नये. रिकामी खोळ न्यावी आणि सॅकमध्ये असलेलाच फ्लीस, कोरडे मोजे, उद्याचा टीशर्ट तिच्यात घालावा. ओझं वाढतं ते फक्त खोळीचं. ‘कपड्यांची उशी टोचते’ म्हणणाऱ्यांनी चेन आणि बटणं आतल्या बाजूला जातील अशी घडी घालून बघावी. तरीही टोचलं, तर खोळीच्या गालाकडच्या बाजूला वीस ग्रॅम रेक्रॉनचा पातळ थर शिवून टाकावा आणि त्यावर आडव्या दोन टिपा माराव्या, म्हणजे तो एका कोपऱ्यात गोळा होत नाही.

गच्च भरली की उशी चांगली, हेही खरं नाही. यात भूमिती आडवी येते. 30 सेंटीमीटर रुंदीचं पाकीट ठासून भरलं की त्याचा परीघ 60 सेंटीमीटरचा होतो आणि लोड तयार होतो जेमतेम 19 सेंटीमीटर व्यासाचा. डोकं त्यावरून घरंगळतं. खोळ थोडी रुंद बेतावी आणि सैल भरावी. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या उंचीइतका आधार लागतो, उताण्याला बराच कमी.

वॉटरप्रूफ कापडाचा हट्टही सोडा. दोन्ही बाजूंना लेपाचं कापड लावलं, तर गाल घामेजतो, उशी मॅटवरून सटकते आणि आतली हवा निघायला वाट नसल्यानं गुंडाळताना ती फुग्यासारखी फुगते. खालच्या बाजूला लेपाचं, वरच्या बाजूला मलमल, हे जमतं. लेपाचं कापड विकत घ्यायलाच हवं असंही नाही. पावसाळ्यात काड्या मोडलेली छत्री प्रत्येक घरात असते; उसवून तिचे तुकडे जोडा.

‘असलं निसरडं कापड घरच्या मशीनवर चालत नाही’ हे अर्धसत्य. रोजची 16 नंबरची सुई लावली तर कापड ओढलं जातं आणि टाके सुटतात. 9 किंवा 11 नंबरची नवी सुई, पॉलिएस्टरचा दोरा, टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा. बारीक टाका मजबूत, हा हिशेब इथं उलटतो: भोकं जवळजवळ पडली की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. टाचण्या फक्त मायेच्या पट्टीत लावा. सुरुवातीला कापड मशीनच्या दातांत अडकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी धरा आणि शिवून झाल्यावर फाडून टाका. सुटणाऱ्या कडा मेणबत्तीजवळून झरकन फिरवल्या की नायलॉन वितळून बंद होतं. सुती बाजूला हा प्रयोग अर्थातच नको.

हवा भरायची उशी मात्र शिवून होत नाही. सुईच्या प्रत्येक भोकातून हवा जाते. तिथं उष्णतेनं चिकटवलेले जोडच लागतात. तशी उशी आणलीच तर तिच्यावर सुती अभ्रा शिवा, कारण उघडं प्लास्टिक थंडीत गालाला गार लागतं.

तोंडाला चेन लावू नका. घरच्या अभ्र्याला असते तशी आत दुमडणारी दहा सेंटीमीटरची पट्टी पुरते, आणि झोपताना ती बाजू पायांकडे ठेवली की कपडे बाहेर येत नाहीत.