भिन्न पोलादांचा लेसर-सांधा आणि संगणकीय सदृशीकरण

अगंज पोलाद व मृदू कार्बनी पोलाद यांचे पत्रे कडेला कड भिडवून, पूरक तार न वापरता, लेसरने जोडले असता होणाऱ्या सांध्याचे संगणकीय सदृशीकरण करण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. अशा प्रबंधांत एक आकृती बहुधा असतेच : एका बाजूस सांध्याच्या छेदाचे छायाचित्र, दुसऱ्या बाजूस संगणकाने काढलेली वितळसीमा, आणि खाली दोहोंत उत्तम मेळ असल्याचा निर्वाळा. हा मेळ नेमके काय सिद्ध करतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

सरकत्या उष्णता-उगमाचे गणित रोझेंथाल यांनी १९४१ साली मांडले. त्यात उगम बिंदुरूप किंवा रेषारूप आणि धातूचे गुणधर्म स्थिर मानलेले होते. गोल्डाक व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये पुढचा व मागचा भाग निरनिराळ्या मापांचा असलेला लंबगोलाकृती उगम सुचविला. लेसरच्या झोताखाली धातूच्या बाष्पाच्या दाबाने खोल व अरुंद विवर पडते. यास्तव तेथे शंकूच्या आकाराचा उगम घेण्याची चाल आहे. शंकूची खोली, वरची त्रिज्या आणि शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचा अंश या तीन राशी पुष्कळदा प्रत्यक्ष छेदाशी ताडून ठरविल्या जातात. खोली आपणच पुरविली असता उत्तरात तीच खोली आली, याचे नवल ते काय?

भिन्न धातूंच्या बाबतीत अडचण याहून सूक्ष्म आहे. सामान्य तापमानाला मृदू पोलादाची उष्णता-संवाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, तर १८-८ अगंज पोलादाची सुमारे १६ असते. हे आकडे जसेच्या तसे वापरले, तर सांधा फारच एकांगी दिसतो. परंतु तापमान वाढते तसतशी पहिल्याची संवाहकता घटते व दुसऱ्याची वाढते. ८०० ते १००० °से.च्या सुमारास दोन्ही २५ ते ३० च्या घरात येतात. म्हणून तापमानाधीन गुणधर्म घेणे हा येथे टापटिपीचा भाग नसून उत्तराचाच भाग होय. अगंज पोलाद सुमारे १४०० °से.ला वितळू लागते, मृदू पोलाद त्याहून बरेच वर. त्यामुळे वितळसीमा थोडी अगंज बाजूस झुकते, ती अर्थात राहतेच.

सांध्याचे भवितव्य मात्र वितळसीमेपेक्षा मिश्रणावर अवलंबून आहे. दोन्ही धातू निम्मे-निम्मे मिसळले, तर क्रोमियम सुमारे ९ टक्के व निकेल ४ टक्के उरते. मृदू पोलादात ०·१५ टक्के कार्बन धरल्यास शेफ्लर यांच्या १९४९ च्या आलेखावर हा बिंदू मार्टेन्साइटच्या प्रदेशात पडतो. म्हणजे सांधा कठीण व तडकण्यास अनुकूल. (तो आलेख विद्युत्-प्रज्योतीच्या संथ शीतनावर बेतलेला आहे, हे विसरू नये; लेसर-सांधा पुष्कळच जलद थिजतो.) केवळ उष्णतावहनाचे सदृशीकरण मिश्रणाची सरासरी देते, वाटणी देत नाही. वाटणी द्रवाच्या प्रवाहाने ठरते, आणि पृष्ठावरील प्रवाहाची दिशा गंधकाच्या अत्यल्प अंशानेही उलटू शकते, असे हेपल व रोपर यांनी १९८२ मध्ये दाखविले. दोन पोलादांतील गंधक सारखे नसेल, तर हा प्रवाहही दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही.

आता एक साधा हिशेब पाहू. सांधा १ मि.मी. रुंद व उभ्या कडांचा धरला आणि झोत ०·२ मि.मी. अगंज बाजूस सरकविला, तर निम्म्या-निम्म्या प्रमाणाऐवजी ७० : ३० असे प्रमाण येते, आणि आलेखावरील बिंदू ऑस्टेनाइट व मार्टेन्साइट यांच्या मिश्र प्रदेशाकडे सरकतो. पत्र्यांच्या कडा वा झोताची जागा याच ०·२ मि.मी.ने चुकली, तर घटकांची जाळी कितीही बारीक केली तरी भाकीत फसते. सदृशीकरणाची खरी कसोटी घ्यावयाची, तर छेदाच्या आकाराबरोबरच सांध्यावरून आडव्या रेषेत मोजलेला क्रोमियमचा आलेख गणिताशी ताडून पाहावा, आणि तोही उगमाच्या राशी ठरविताना न वापरलेल्या वेगाच्या व झोत-स्थानाच्या सांध्यावर.