पखवाजाची थाप आणि पन्नास वॅट

भाच्यानं पुण्यात लहान फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हलवलं आणि त्याचे छातीएवढे उंच स्पीकर अंबाजोगाईला माझ्याकडे आले. "मामा, तुमच्याकडं जागा आहे. ॲम्प तेवढा तुम्ही बघा," असं म्हणून तो मोकळा झाला. नवे घ्यायचे तर या जोडीत माझी कित्येक महिन्यांची पेन्शन गेली असती. ॲम्प्लिफायरसाठी मी बाजूला काढले होते ३० हजार. त्यात या स्पीकरच्या तोलामोलाचं काही येणार नाही, असं ज्यानं त्यानं सांगितलं. तोलामोल सोयरिकीत बघावा. स्पीकर आणि ॲम्प यांची पत्रिका वेगळ्या आकड्यांवर जुळते, हे मला हळूहळू कळलं.

माझी कसोटी ठरलेली होती: पखवाज. पद्मश्री शंकरबापू आपेगावकर आमच्याच तालुक्यातल्या आपेगावचे, त्यामुळे या वाद्याबद्दल इकडच्या माणसाला जरा जास्तच माया. धुमावर, म्हणजे डाव्या तोंडावर, ओली कणीक थापलेली, त्यावर उघडा पंजा पडला की उठणारा 'धा' कानाआधी पोटाला कळतो. ॲम्पच्या दृष्टीनं हा 'धा' म्हणजे अवेळी आलेली पंगत. भजन संथ चाललेलं असतं तेव्हा विजेची गरज चिमूटभर असते. थाप पडते त्या क्षणी ती शंभरपट होऊ शकते आणि पापणी लवायच्या आत पुन्हा चिमटीवर येते. तेवढ्या क्षणापुरती ॲम्पकडे शिल्लक नसेल, तर थापेचं टोक छाटलं जातं. आपण म्हणतो, आवाज फाटला. वर फाटलेला आवाज आणखी चढवत नेला की स्पीकरमधला नाजूक ट्वीटर जळायची भीती, ती वेगळीच.

मग शिल्लक किती हवी? माझ्या स्पीकरच्या पाठीवर दोन आकडे होते: ८६ डेसिबल आणि ४ ओहम. पहिला आकडा सांगतो, की २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर आवाज किती येईल. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. ४ ओहमचा स्पीकर मात्र तेवढ्याच व्होल्टला २ वॅट पितो. म्हणजे माझे स्पीकर वॅटमागे ८३ चेच निघाले. तीन डेसिबलसाठी वीज दुप्पट लागते, त्यामुळे ही मेख किरकोळ नाही.

माझी खुर्ची तीन मीटरवर. एवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल जातात, दुसरा स्पीकर सोबतीला आल्यानं तीन परत मिळतात, भिंती आणि फरशी आणखी तीनेक देतात. हिशोब आला असा: प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला तर खुर्चीत ८० डेसिबलच्या आसपास. घरात मन लावून ऐकायला सरासरी ७७ पुष्कळ झाले, आणि त्याला लागतो अर्धा वॅट. मीही हा आकडा दोनदा तपासला. थाप या सरासरीच्या २० डेसिबल वर जाते असं धरा, म्हणजे शंभरपट. अर्ध्याचे झाले ५०. ४ ओहमवर पन्नास वॅट ही गरज, मोकळा हात ठेवायचा तर शंभर. कुणीतरी सुचवलेला ३०० वॅटचा, लाखाच्या घरातला ॲम्प मला शंभराच्या वर पाच डेसिबलसुद्धा जास्त देणार नव्हता.

आता ओहमचं. पाठीवर ४ लिहिलं असलं तरी तो नुसता ठोकताळा. सूर बदलला की हा आकडा खालीवर होतो, काही ठिकाणी तीनपर्यंत उतरतो. तिथं माझ्या हिशोबातल्या थापेला पावणेपाच अँपिअर लागतात, आणि नेमका इथं स्वस्त ॲम्प धापा टाकतो. ओळखायची खूण सोपी आहे. माहितीपत्रकात ८ ओहमचे आणि ४ ओहमचे वॅट शेजारी शेजारी बघा. ५० चे ८० ते ९० होत असतील तर आतला वीजपुरवठा दणकट आहे. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल तर समजून घ्या. १९७८ साली आलेला नॅड कंपनीचा ३०२० हा ॲम्प कागदावर फक्त २० वॅटचा होता, पण क्षणापुरती मागणी आली की त्याहून बरंच जास्त देई आणि अवघड स्पीकरलाही डगमगत नसे. कमी पैशातल्या शौकिनांनी तो उगाच डोक्यावर घेतला नाही.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल काय बोलावं! पी.एम.पी.ओ. नावाची चार आकडी बढाई आपण सगळ्यांनी टेपच्या जमान्यात वाचली आहे. अमेरिकेत १९७४ मध्येच नियम झाला, की सलग किती वॅट आणि त्यात विकृती किती, हे सांगूनच जाहिरात करायची. आजची बढाई जरा सभ्य झाली आहे, एवढंच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप घातलेले वहीएवढे ॲम्प हल्ली सर्रास मिळतात आणि चांगले असतात. त्यावर ३०० अधिक ३०० वॅट लिहिलेलं असतं. चिपच्या अंगात ते आहे, पण आवाजात दहा टक्के विकृती चालवून घेतली तर. शिवाय सोबतचा अडॅप्टर उलटा करून वाचा: ४८ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार २४०, दोन्ही बाजू मिळून. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तरी मी याच जातीचा, म्हणजे क्लास डी ॲम्प घेतला, आणि त्याचं कारण आमचा मे महिना. जुन्या पद्धतीचा क्लास एबी ॲम्प घेतलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेत घालवतो, क्लास डी जेमतेम दहावा. पारा ४२ वर गेलेल्या खोलीत हा फरक हातालाच कळतो. ॲम्पमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणून पुण्या-मुंबईहून वीस वर्षांचा जुना एबी ॲम्प स्वस्तात मिळत असेल तर जरूर ऐका, पण आवाज शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. गुणगुण ऐकू आली तर कपॅसिटर बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

दुसरं कारण व्होल्टेज. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पला २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर शंभर वॅटचे सुमारे ६८ उरतात. दिवेलागणीला १९० आमच्याकडे नवलाईचे नाहीत. स्विचिंग सप्लाय असलेल्या ॲम्पवर बहुतेकदा '१०० ते २४० व्होल्ट' असा शिक्का असतो, त्याला याची फिकीर नाही. वीज गेल्यावर चौकोनी लाटेच्या जुन्या इन्व्हर्टरवर मात्र कुठलाच ॲम्प लावू नका.

मंडपवाल्या ओळखीच्यानं मध्येच आपली मशीन आणून लावून पाहिली. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण ती मशीन गावभर तार ओढून भोंगे वाजवायला केलेली. लांब तारेत शक्ती वाया जाऊ नये म्हणून तिला १०० व्होल्टची वेगळी लाइन असते, आणि थंड राहायला पंखा. आलापात पंख्याचा षड्ज लागला.

महाग ॲम्प खरंच वेगळा वाजतो का? 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकानं १९८७ मध्ये सहा ॲम्प झाकून ऐकवले होते. त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक होता, तरी ऐकणाऱ्यांना ते खात्रीनं वेगळे ओळखता आले नाहीत. भाचा हे मानत नाही. माझं मत असं, की ॲम्प त्याच्या ताकदीच्या आत चालत असेल तर फरक इतका बारीक, की त्यापेक्षा स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं ओढल्यानं जास्त पडतो. माझ्या खोलीत शहाबादी फरशीवर जाड सतरंजी टाकली तेव्हा जे सुधारलं, ते कुठल्याच ॲम्पनं सुधारलं नसतं.

तर आला तो ॲम्प ४ ओहमला खणखणीत शंभर वॅटचा. अडॅप्टरचं गणित करूनच घेतला. उरलेल्या पैशात २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी लवचिक वायर; पाच मीटरला तिचा अडथळा ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी, त्यामुळे सोनेरी वेष्टनातली महागडी वायर दुकानातच राहिली. तरीही थोडे पैसे शिल्लक राहिले.

पहिल्या रात्री दहानंतर पखवाजाचं ध्वनिमुद्रण लावलं. तिसऱ्या आवर्तनात 'धा' पडला आणि आतून हाक आली, "अहो, दारावर कोण आलंय बघा."